खालून तिसरा खण

वॉल्सॉलच्या व्यापारी संघाचं पत्र आलंय:
नव्या उद्योजकांसमोर बोला,
वीस मिनिटं, पाच तत्त्वं, शक्यतो स्लाइड्ससह.

माझ्याकडे स्लाइड नाही.
एक खण आहे,
विलनहॉलच्या आमच्या कारखान्यात,
लेथच्या मागच्या कपाटात, खालून तिसरा.
ओढला की अर्ध्यावर अडतो,
मग गुडघ्याने एक धक्का द्यावा लागतो.

कुलपांचं गाव हे. म्हणतात,
शेगड्यावर वाकून वाकून कारागिरांना पोक यायचं
आणि गुत्त्याच्या भिंतीत त्या पोकांसाठी
खोबणी कोरलेल्या असायच्या,
पाठ टेकून निवांत पिता यावं म्हणून.
खरं-खोटं त्या भिंतींना ठाऊक.
मला एवढंच आवडतं, की कुणीतरी
आधी पाठ पाहिली,
मग भिंतीला हात घातला.

मी उलटं केलं.
कर्ज काढून कारखाना घेतला त्या वर्षी
फोनने उघडणारं कुलूप बाजारात आणलं.
निळा दिवा, गुळगुळीत चेहरा, किल्लीच नाही.
गुंतवणूकदार पीअर्स दर सोमवारी विचारायचा, आकडे कुठे आहेत?
पी हळद अन् हो गोरी.
डिसेंबरात थंडीने बॅटऱ्या झोपल्या.
डडलीत, टिप्टनमध्ये, एकेचाळीस माणसं
आपल्याच दाराबाहेर उभी राहिली.
त्यातली एक नर्स, रात्रपाळीहून आलेली.
तिने शिवी दिली नाही.
नुसतं विचारलं,
"तुमच्या स्वतःच्या घराला कुठलं कुलूप आहे?"

माझ्या घराला जुनंच होतं.

दुसऱ्या दिवशी डेझमंड हॅकेटने
(अडतीस वर्षं इथे, नखांत ग्रीस मुरलेलं)
काही न बोलता तो खण उघडला. गुडघ्याने.
आत बिनकामाची कुलपं,
प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी:
तारीख, काय मोडलं, कोण हसलं.
"फसलं" असं कुठेच नाही.
शेवटच्या ओळीत फक्त
याला अजून माणूस भेटलेला नाही.

सत्त्याऐंशी सालचं एक होतं,
भोकाभोवती नरसाळ्यासारखा पसरट काठ.
तेव्हाच्या मालकांना बेंगरूळ वाटलेलं.
डेझमंड म्हणाला, माझ्या आईचा हात कापायचा.
किल्ली दारावर टकटक करत राहायची,
पाहुण्यासारखी,
स्वतःच्याच घरी.

ते घेऊन मी वृद्धांच्या एका वसाहतीत
आठ दिवस जिन्यात बसले.
विकायला नाही, हात बघायला.
पिशवी उजव्या हातात असते,
म्हणून किल्ली डाव्या.
काठ अर्धा इंच खाली हवा होता.
हे कुठल्याही अहवालात नव्हतं,
श्रीमती टॉलीच्या कोबीच्या पिशवीत होतं.

आज आमचे पगार तेच कुलूप देतं.
वर्षाच्या आत दोघांनी नक्कल केली.
मी वकिलाला फोन लावला,
डेझमंड खूश झाला: तेवढी जास्त दारं उघडतील.
यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

तो निवृत्त झाला त्या संध्याकाळी
खणात माझं निळ्या दिव्याचं कुलूप सापडलं,
त्याच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी:
डिसेंबर. एकेचाळीस. नर्सचा प्रश्न.
आणि खाली तीच ओळ.

तर पाच तत्त्वं.
खण उचलून सभागृहात नेता येतो का, बघितलं.
निघत नाही, अर्ध्यावर अडतो.
संघाला कळवते आहे,
त्या मुलांनाच इकडे पाठवा,
आणि येताना
चांगल्या विजारी घालू नका म्हणावं,
गुडघा लागतो.